तिथीवाले आणि घड्याळवाले

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी पहिल्यापासून शहाणी होते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्या काळात जितके खडू फळ्यावर झिजले तितकेच मुलांच्या दिशेने भिरकावले गेले. निवृत्त झाल्यावर माणूस मवाळ होतो म्हणतात. माझ्या बाबतीत एवढाच फरक पडला की हातातला खडू गेला आणि फोन आला.

मी चौलला राहते. घरामागे नारळी-पोफळीची वाडी आहे, आणि वाडी ओलांडून थोडं चाललं की समुद्र. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवी मुंबईत इंजिनीयर आहे. तिच्या वडिलांची छोटी होडी होती. त्यांच्यासाठी म्हणून तिने भरती-ओहोटी सांगणारं एक ॲप तयार केलं. पोरीने ते सगळ्यांना फुकट वापरायला दिलं आणि ते किनाऱ्यावर पसरत गेलं. होडीवाले वापरू लागले, नागावचे होमस्टेवाले वापरू लागले, सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला येणारे हौशी लोक वापरू लागले, आणि ओहोटीला वाळूतून खुबे, तिसऱ्या असे शिंपले काढणाऱ्या बायकाही. मग वापरणाऱ्यांचा एक ग्रुप निघाला. "बाई, ॲडमिन तुम्हीच व्हा," ती मला म्हणाली, "तुम्हाला सगळे घाबरतात." मला ऐकून बरं वाटलं. तिथेच चुकलं.

आमच्याकडे भरतीचा एक जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. चतुर्थीला तीन वाजता. हा हिशोब इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतो. ॲप उघडलं की अगदी वर ती तिथी यायची आणि खाली एक वाक्य. वाक्य रोज बदलायचं, पण धाटणी त्या मुलीच्या वडिलांची. "आज वद्य तृतीया. चंद्र पाण्याला टेकला की पाणी फिरेल. वारा दक्षिणेचा, लवकर निघा." बस, एवढंच. घड्याळाची वेळ हवी असेल तर बोटाने पुढे सरकायचं.

मग नवी आवृत्ती आली. ॲप उघडलं की पहिल्यांदा एक देखणा आलेख, मिनिटापर्यंत वेळ, पाण्याची उंची मीटरमध्ये. तिथी गेली सेटिंगच्या पोटात. वाक्य गेलंच.

आणि ग्रुपवर जी जुंपली, ती काय सांगू. दोन दिवसांत तट पडले. तिथीवाले म्हणायचे, ज्यांना पाणी बघून कळत नाही त्यांनी स्विमिंग पूलमध्ये जावं. घड्याळवाले म्हणायचे, पंचांग काखेत मारून बसायचं तर फोन कशाला घेतलात. घड्याळवाल्यांचा पुढारी होता नागावचा एक होमस्टेवाला. माणूस हुशार, पण जीभ तिखट. "ज्यांना बदल झेपत नाही त्यांच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं का?" असं त्याने रोज सकाळी नव्या शब्दांत विचारायचं, आणि तिथीवाल्यांनी रोज त्याचे आईबाप काढण्याच्या काठावर येऊन थांबायचं. कधी कधी थांबायचेही नाहीत.

मी ॲडमिन. माझं काम आग विझवण्याचं. पण खरं सांगायचं तर मी मनातून घड्याळवाली होते. तीस वर्षं मुलांना शिकवलं की पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे, नेमकी वेळ कोष्टकात बघा. तेव्हा दोन्ही बाजूंना गप्प करताना माझा हात एका बाजूला जरा जड पडायचा.

अशातच एके दिवशी ग्रुपवर एक आवाज आला. लिहिलेलं नाही, बोललेलं.

"ते पयलं व्हतं ना, तेच बरं व्हतं. तिथी लिवलेली, वारा लिवलेला. आता निस्ते आकडेच आकडे. आमी काय कराचं?"

आवाज मी लगेच ओळखला. दर बुधवारी आणि रविवारी माझ्या फाटकाशी पाटी उतरवून बसणारी बाई. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मासळी विकणारीला मावशी म्हणायची सवय, म्हणून मी तिला मावशी म्हणते आणि ती मला बाई. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरं जुळवत वाचते. तिच्याबरोबर आणखी चार बायका खुबे काढायला जातात. पूर्वी त्यांची पुढारी तिची मोठी जाऊ होती. ती पनवेलला लेकीकडे राहायला गेल्यापासून कधी निघायचं, कधी परतायचं हे मावशी ठरवते.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी तिच्या हातच्या तिसऱ्या वर्षानुवर्षं खाल्लेल्या. पण त्या दिवशी सकाळपासून ग्रुपवर चाळीस भांडणं निपटून माझं डोकं फिरलेलं होतं, आणि पडद्यावर मला मावशी दिसलीच नाही. दिसली ती आणखी एक तिथीवाली. मी लिहिलं, "आकडे वाचायचा कंटाळा असेल तर तो ॲपचा दोष नाही. पाऊणपटीच्या हिशोबात पाऊण तासाची चूक सहज पडते, हे सातवीतल्या मुलीलाही समजतं. तिथी बघायची हौस असेल तर भिंतीवर कॅलेंडर आहेच."

भराभर अंगठे आले. होमस्टेवाल्याने लिहिलं, "बाईंनी विषयच संपवला." मी खूश होऊन चहा टाकला. एखाद्या वाह्यात वर्गाला गप्प केल्यावर यायची तशी गुर्मी आली होती मला, लपवत नाही.

संध्याकाळी ग्रुपवर एक बारीक ओळ दिसली. मावशी ग्रुपमधून बाहेर पडली होती.

बुधवारी ती आली नाही. मी स्वतःला सांगितलं, पाण्याची वेळ जमली नसेल. रविवारीही आली नाही. पुढच्या बुधवारी मी उगाच दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. माणसाला आपली चूक कळते फार लवकर, कबूल करायलाच वेळ लागतो.

त्याच दिवशी माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला. आवाज थकलेला. "बाई, मी दिवसभर ऑफिसचं काम करते, मग हे. एक बाजू म्हणते, मुंबईकडे गेली आणि समुद्र विसरली. दुसरी बाजू माझ्या बाबांसारख्या लोकांना अडाणी म्हणते. ते वाक्य मी का काढलं माहितीये? लोक हसायचे. हे ॲप आहे की कुणाचा म्हातारा, असं लिहायचे. मला सिरियसली लाज वाटली, बाई. बाबांची लाज वाटली मला." मग म्हणाली, "या रविवारपर्यंत बघते. ग्रुप असाच राहिला तर ग्रुपही बंद करते आणि ॲपही. माझ्याने नाही होत."

"बंद नाही करायचं," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय ते मी बघते. रविवारपर्यंत वेळ दिलास ना? दिलेली वेळ मोडायची नाही."

मी म्हटलं खरं, पण कसं बघणार होते ते मला माहीत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की सुरुवात ग्रुपवरून होणार नाही. चप्पल घातली आणि मावशीच्या घरी गेले.

ती ओट्यावर विळी घेऊन तिसऱ्या फोडत बसली होती. मला बघून उठली नाही. मी आपणच ओट्याच्या कडेला टेकले.

"मावशी, तीनदा आली नाहीस."

"मी आले न्हाय म्हून तुमचं कालवण रायलं काय, बाई?"

"ते ॲप..."

"सुनेला सांगून काडून टाकलं." तिने एक शिंपला फोडून टोपात टाकला. "आमाला आकडे वाचाचा कंटाला. मंग कशाला ठेवाचं?"

माझेच शब्द. लक्षात होते तिला. मग तिने जे सांगितलं ते तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं झालं ते सांगितलं. ॲप काढल्यानंतरच्याच आठवड्यात त्या पाचजणी खाडीच्या तोंडाशी वाळूचा जो पट्टा उघडा पडतो तिथे गेल्या होत्या. तिकडे जाताना मध्ये एक चर लागतो, पूर्ण ओहोटीला घोट्याएवढा. तिथी मावशीला ठाऊक होती, चंद्रही दिसत होता. पण वारा फिरला होता आणि ते घरातून निघताना कळलं नव्हतं. पाणी लवकर लोटलं. परत येताना चर कमरेच्या वर आला होता.

"पाचजनी हाताला हात धरून आलो. धाकटीची पाटी गेली. रडत व्हती. पाटीसाठी न्हाय, भ्याली व्हती."

मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही असं लिहायची पद्धत आहे. मी सांगू शकते. मला स्वतःची लाज वाटली, आणि भीती वाटली. त्या पाचजणींतली एक जरी गेली असती, तर मी आयुष्यभर त्या अंगठ्यांकडे बघत बसले असते.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं.

"मंग तितं सांगा." पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "बोललात सगल्यांच्या म्होरं आनि माफी हितं ओट्यावर?"

खरं होतं. मी मान डोलावली. "तिथेच सांगते. आणि तुझं म्हणणं काय आहे तेही मीच मांडते. तुला तिथी परत वर हवी, हो ना?"

"न्हाय."

"न्हाय?"

"तिथी भितीवर हाय. तुमीच सांगितलंत ना."

मी जरा गडबडले. "बरं. मग मिनिटाचा हिशोब घड्याळात बघायला कठीण जातो, असं..."

"घड्याल कलतं मना!" विळीवरचा हात थांबला. "बाई, तुमी ऐकत न्हाय. तुमी बोलत असता."

इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. शाळेत हेडमास्तरसुद्धा नाहीत. माझ्या जिभेवर उत्तर आलंही होतं. पण त्याच वेळी मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती आठवली म्हणून मी गप्प राहिले.

माझ्या लहानपणी खाडीवर पूल नव्हता. होडी होती. नावाडी पलीकडच्या काठावर असला तर अलीकडून हाक मारायची, "दोन माणसं आणि एक सायकल!" नावाडी लगेच निघायचा नाही. तो तिकडून तेच ओरडायचा, "दोन माणसं आणि एक सायकल!" आपण "होय" म्हटलं की मगच वल्हं पाण्यात. वाऱ्यात शब्द अर्धे उडून जातात, म्हणून ही रीत. कधी तो चुकीचं परतवायचा, मग आपण पुन्हा हाक मारायची. एकदा मुंबईहून आलेले एक पाहुणे भलतेच भडकले होते. "हा आमची टिंगल करतो काय? म्हणतोय तेच म्हणतोय!" माझे वडील हसून म्हणाले, "टिंगल नाही हो, त्याला खेप फुकट घालवायची नाहीये."

मी मावशीला म्हटलं, "तू सांग. मी ऐकते. आणि ऐकलं ते परत म्हणून दाखवते. चुकलं तर न्हाय म्हण."

तिने पाण्यात हात बुडवून धुतले, पदराला पुसले. मग बोलली. खाऱ्या पाण्यात, चिखलात फोन नेता येत नाही. हातात घड्याळ घालता येत नाही, कोपरापर्यंत हात वाळूत असतात. तिथे गेल्यावर वेळ किती झाली ते कळायचा मार्ग एकच, वर बघायचं. म्हणून घरातून निघताना डोक्यात राहील असं काहीतरी हवं. सकाळी ती ते वाक्य अक्षरं जुळवत मोठ्याने वाचायची आणि चौघी ऐकायच्या. मग पाचही जणींच्या डोक्यात तेच असायचं. एक विसरली तर दुसरी सांगायची.

"म्हणजे," मी सावकाश म्हटलं, "तुला तिथी नको, वेळ नको. तुला फोन घरी ठेवून बरोबर नेता येईल, असं पाचजणींसाठी एक वाक्य हवं. चंद्र आणि वारा दोन्ही असलेलं."

तिने विळी पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाली, "व्हय."

असं एक 'व्हय' म्हणायची संधी मी इतक्या वर्षांत किती मुलांना दिली असेल, हा विचार मला घरी येईपर्यंत छळत होता.

त्या दिवशी दुपारी मी ग्रुपवर लिहिलं. आधी माफी, कुणाची आणि कशाबद्दल ते स्पष्ट. माझं जुनं वाक्य मी पुसलं नाही, त्याच्याखालीच लिहिलं की हे मी लिहिलं होतं आणि ते वाईट होतं. मग नियम सांगितला. ज्याला कुणाचं खोडून काढायचंय, त्याने आधी त्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत परत मांडायचं. समोरचा "होय" म्हणेपर्यंत स्वतःचं मत लिहायचं नाही. माझ्यासकट. रविवारपर्यंत हे पाळायचं. मग ज्याला जायचं असेल त्याने जावं.

लोकांनी नियम कसा घेतला म्हणता? जसा नववीचा वर्ग घेतो तसा. पहिल्याने लिहिलं, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की पंचांग विज्ञानापेक्षा मोठं." समोरच्याने "होय" म्हटलं नाही, अर्थातच. दुसऱ्याने लिहिलं, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की गरिबांनी बुडावं." त्यालाही "होय" आलं नाही. मी प्रत्येकाखाली एकच शब्द लिहीत गेले, "पुन्हा." एकाने मला लिहिलं, "मास्तरीणबाई, शाळा सुटली, घंटा झाली."

या माणसासाठी मी चार ओळी टाइप केल्या होत्या. काय सुंदर ओळी होत्या त्या! अजून आठवल्या की हळहळ वाटते. सगळ्या पुसल्या. फोन पालथा ठेवून वाडीत गेले, पडलेल्या झावळ्या ओढून कुंपणाशी नेल्या, घाम काढला, आणि परत येऊन लिहिलं, "तुमचं म्हणणं असं की मी नियम लादते आहे, आणि मोठ्या माणसांना बोलायला परवानगी मागावी लागणं तुम्हाला अपमानाचं वाटतं. बरोबर?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "हो." त्याखाली आणखी एक, "म्हणजे एवढंही नाही. पण हो."

हळूहळू सूर बदलायला लागला. झटपट नाही. शुक्रवारपर्यंत मी तिघांना ताकीद दिली आणि एकाला एक दिवस बाहेर ठेवलं. तो माझ्याच बाजूचा होता, घड्याळवाला. बाहेर ठेवताना मला जरा दुखलं, म्हणून मला पटलं की बरोबर करते आहे.

शनिवारी मावशीला मी पुन्हा ग्रुपवर घेतलं. तिने यावं म्हणून गयावया केली नाही. एवढंच सांगितलं की तुझं म्हणणं मी मांडलंय, ते बरोबर मांडलंय का हे तूच सांगू शकतेस. ती आली. होमस्टेवाल्याने तिथेच तिला हटकलं, "पण मावशी, वाक्यावर विसंबून चालत नाही..." मी लिहिलं, "आधी मावशींचं म्हणणं." त्याने दोन वेळा चुकीचं मांडलं. दोन्ही वेळा मावशीचा आवाज आला, "न्हाय, दादा." तिसऱ्या वेळी त्याने लिहिलं, "तुमच्याजवळ त्या वेळी फोनच नसतो. म्हणून तुम्हाला डोक्यात राहणारं काहीतरी लागतं, नाहीतर पाचजणींचा जीव धोक्यात." मावशी म्हणाली, "व्हय."

मग मी त्याला म्हटलं, आता तुमचं सांगा.

आणि हा तिखट जिभेचा माणूस इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ बोलला. त्याच्याकडे येणारे पाहुणे समुद्र ओळखत नाहीत. ओली वाळू कडक दिसते म्हणून गाडी थेट पाण्याजवळ नेतात. गेल्या मोसमात एका कुटुंबाची गाडी रुतली, पाणी चाकांना लागलं, आणि मागच्या सीटवर त्यांचं लहान मूल झोपलेलं होतं. आईबाप फोटो काढण्यात. त्यानेच पळत जाऊन मूल बाहेर काढलं. "त्यांना तिथी सांगून काय करू?" त्याने लिहिलं होतं. "चार वाजून दहा मिनिटांनी पाणी फिरणार, पावणेचारला गाडी काढा, असंच सांगावं लागतं. आकडा मोठा आणि पहिल्यांदा दिसायला हवा."

मी वाट बघत होते. मग मावशीचा आवाज आला.

"ह्या दादाचं म्हननं असं, का त्याची मानसं समुद्राला वलखत न्हाय. त्यांना घड्याल लावून हाकलावं लागतं. न्हायतर पोरं बुडतील."

होमस्टेवाल्याने लिहिलं, "होय मावशी. हाकलावंच लागतं."

दोघांनाही कुणी बुडायला नको होतं. पंधरा दिवस एकमेकांच्या अंगावर धावून जात होते ते एकाच भीतीपोटी. मी भूगोल शिकवलेली बाई, आणि मला हे कळायला एक ओटा आणि एक विळी लागली.

रविवारी माझ्या विद्यार्थिनीने ग्रुप बंद केला नाही. तिने एक नवी आवृत्ती दिली. ॲप पहिल्यांदा उघडलं की एकच प्रश्न विचारतं, "पाण्याकडे जाताना फोन बरोबर असतो का?" असतो म्हटलं की मोठा आकडा आणि आलेख. नसतो म्हटलं की तिथी आणि ते वाक्य. खाली तिने एक जोड दिली होती, एक बटण. ते दाबलं की वाक्य बोलून दाखवतं. आवाज तिच्या वडिलांचा.

"हसतील लोक," मी फोनवर म्हटलं, मुद्दाम.

"हसू देत, बाई," ती म्हणाली. "आधी परत म्हणून दाखवतील, मग हसतील."

भांडणं त्यानंतर थांबली असं नाही. परवाच पार्श्वभूमीचा रंग काळा असावा की पांढरा यावरून दोघे हमरीतुमरीवर आले होते. मी "पुन्हा" लिहिते. रोज लिहिते. कंटाळा येतो, संताप येतो, झावळ्या ओढते, आणि परत येऊन लिहिते. सोडणार नाही.

आता शेवटची गोष्ट. मागच्या महिन्यात मावशी मला म्हणाली, "बाई, एवढं भूगोल भूगोल करता, पट्ट्यावर कवा आलात काय?" मी कधीच गेले नव्हते. वद्य तृतीयेला गेले. फोन तिच्या घरी ठेवला. निघताना तिने बटण दाबलं आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज ओट्यावर सहाजणींनी ऐकला.

वाळूत हात घालून खुबे चाचपायला मला मजा वाटायला लागली होती. पाटीचा तळ नुकताच झाकला होता. पश्चिमेला फिकट चंद्र पाण्यापासून अजून चांगलाच वर होता. घरून निघायच्या आधी मी आलेख बघितला होता, चोरून, सवय जात नाही. त्या हिशोबाने अजून अर्धा तास होता. खात्रीने होता.

"चला," मावशी कमर सरळ करत म्हणाली. "निगाचं."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. अर्धा तास आहे, मी स्वतः बघून आले, मिनिटासकट. वारा कानावर येत होता, दक्षिणेचा. चौघी पाट्या डोक्यावर चढवत होत्या, त्यांतली धाकटी सर्वांत आधी.

मी हात वाळूतून बाहेर काढले.

"निघायचं म्हणतेस," मी म्हटलं.

"व्हय."

आम्ही चर ओलांडला तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं. धाकटीने माझा हात धरला होता, की मी तिचा, ते आता आठवत नाही.